फळाच्या रसातील साखर: फळाची किती आणि वरून घातलेली किती, हे कसे काढावे

तासगाव-मिरज भागात जानेवारी उजाडला की द्राक्षबागांतून हातात लहानशा दुर्बिणीसारखे यंत्र घेऊन फिरणारी माणसे दिसू लागतात. मणी बोटांनी चिरडून त्याच्या रसाचा थेंब काचेवर टाकायचा, झाकण मिटायचे, उजेडाकडे तोंड करून डोळा लावायचा आणि आकडा सांगायचा. ‘सतरा आली’ असे कोणी म्हटले की बागवानाचा चेहरा उजळतो. त्या यंत्राचे नाव रिफ्रॅक्टोमीटर आणि त्या आकड्याचे नाव ब्रिक्स. पण बागेत सगळे त्याला सरळ ‘शुगर’ म्हणतात. शंभर ग्रॅम रसात विरघळलेले घन पदार्थ किती ग्रॅम आहेत, हे तो आकडा सांगतो, आणि गोड फळांच्या रसात त्या घन पदार्थांचा फार मोठा भाग साखरच असतो. ऊस पट्ट्यातील साखर कारखान्यांच्या प्रयोगशाळांतही हाच शब्द आणि हेच एकक चालते, त्यामुळे सांगली-सातारा भागातील वाचकाला ब्रिक्सची नव्याने ओळख करून देण्याची गरज नाही. बाजारातून आणलेला रस, क्रश, सिरप किंवा ‘साखर न घातलेला’ जॅम यांत फळाची स्वतःची साखर किती आणि बाहेरून आलेली किती, हे याच आकड्याच्या आधारे आणि एका साध्या वजाबाकीने घरी कसे काढता येते, ते या लेखात सांगितले आहे.

याकडे माझे लक्ष वळण्याचे कारण घरातले आहे. सासूबाईंना बरीच वर्षे मधुमेह आहे. एका नातलगाने मोठ्या आपुलकीने त्यांच्यासाठी स्ट्रॉबेरीच्या जॅमसारख्या पदार्थाची बाटली आणली. तिच्यावर ‘वरून साखर घातलेली नाही’ असे ठळक अक्षरांत छापले होते. त्या निर्धास्तपणे रोज पोळीला दोन चमचे लावून खाऊ लागल्या. औषधे तीच होती, जेवण तेच होते, तरीही पुढच्या तपासणीत रक्तातील साखरेचा आकडा चढलेला आला. तेव्हा बाटली उलटी करून बारीक अक्षरांतील घटक वाचले. तेथे स्ट्रॉबेरी, पांढऱ्या द्राक्षांच्या रसाचे कॉन्सन्ट्रेट (म्हणजे आटवून दाट केलेला रस), पेक्टिन आणि सायट्रिक आम्ल इतकेच लिहिले होते. साखर हा शब्द खरोखरच कोठे नव्हता. मी त्यातील १० ग्रॅम पदार्थ ३० ग्रॅम पाण्यात कालवून, गाळून बागेतल्या रिफ्रॅक्टोमीटरवर पाहिला. आकडा साडेपंधरा आला, म्हणजे मूळ पदार्थात चौपट, सुमारे ६२. स्ट्रॉबेरीचा रस स्वतः सात-आठच्या घरात असतो. मग उरलेले पन्नासाहून अधिक कोठून आले, हा प्रश्न मला पडला आणि त्याचे उत्तर शोधताना जे शिकले, ते येथे क्रमाने मांडत आहे.

आधी तीन नावे वेगळी करावीत

फळातील साखर म्हणजे मुख्यतः ग्लुकोज, फ्रुक्टोज आणि सुक्रोज. उसापासून बनणारी आपली पांढरी साखर म्हणजे सुक्रोज, आणि सुक्रोजचा प्रत्येक रेणू ग्लुकोज व फ्रुक्टोज यांच्या एकेका रेणूच्या जोडणीतून झालेला असतो. द्राक्षातील ग्लुकोज आणि उसाच्या साखरेतून सुटलेले ग्लुकोज यांत शरीराला काहीही फरक कळत नाही. फरक असतो तो ती साखर कशाच्या सोबतीने आणि किती दाट होऊन पोटात जाते, यात.

अख्ख्या फळातील साखर पेशींच्या भिंतींमध्ये असते, तिच्यासोबत चोथा असतो, आणि ती चावून खावी लागते. ही झाली निसर्गतः असलेली साखर. दुसरी वरून घातलेली साखर. कारखान्यात किंवा स्वयंपाकघरात कोणी तरी हाताने मिसळलेली. वेष्टनावर ती ‘अॅडेड शुगर्स’ या नावाने येते. तिसरे नाव जागतिक आरोग्य संघटनेने वापरलेले, ‘फ्री शुगर्स’ म्हणजे मुक्त साखर. वरून घातलेली सगळी साखर तर तीत येतेच, पण मधातील, सिरपमधील, फळांच्या रसातील आणि रसाच्या कॉन्सन्ट्रेटमधील साखरही येते. संघटनेच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार दिवसाच्या एकूण ऊर्जेपैकी १० टक्क्यांहून कमी ऊर्जा मुक्त साखरेतून यावी, आणि ती ५ टक्क्यांच्या खाली आणता आली तर अधिक चांगले. दिवसाला २००० किलोकॅलरी धरल्या तर याचा अर्थ ५० ग्रॅम आणि २५ ग्रॅम असा होतो.

येथेच पुष्कळांची फसगत होते. वेष्टनावर ‘अॅडेड शुगर्स ०’ छापलेले असले, तरी त्या डब्यातील मुक्त साखर शून्य असेलच असे नाही. सफरचंदाच्या निर्भेळ रसाच्या एका पेल्यात वरून घातलेली साखर शून्य असते आणि मुक्त साखर वीस ग्रॅमच्या आसपास असते. दोन्ही विधाने एकाच वेळी खरी आहेत. त्यामुळे आपल्याला नेमका कोणता प्रश्न विचारायचा आहे, हे आधी ठरवावे: उत्पादकाने किती गोड मिसळले हे पाहायचे आहे, की घरातल्या माणसाच्या पोटात किती साखर जाते हे पाहायचे आहे.

कॉन्सन्ट्रेट म्हणजे काय, हे आपल्या भागात समजावणे सोपे आहे. उसाचा रस काहिलीत आटवला की काकवी होते, आणखी आटवला की गूळ होतो. काकवी उसाच्याच रसाची असते, तीत बाहेरचे काही नसते, तरीही काकवीला कोणी ‘बिनसाखरेची’ म्हणत नाही. सफरचंदाचे किंवा द्राक्षाचे कॉन्सन्ट्रेट ही त्या फळाची काकवीच आहे. कारखान्यात रस निर्वात भांड्यात कमी तापमानावर आटवतात, म्हणून तो करपत नाही आणि रंगही टिकतो. सफरचंदाचा साडेअकरा-बारा ब्रिक्सचा रस असा साधारण ७० ब्रिक्सपर्यंत नेतात. कधी त्या रसातील आम्ल, क्षार आणि रंगही काढून टाकतात. मग जो उरतो तो फळाच्या नावाचा, पण गुणाने जवळजवळ साखरेच्या पाकासारखा द्रव असतो, आणि तोच जॅम, बिस्किटे, लहान मुलांचे खाऊ यांत गोडीसाठी घातला जातो.

फळाचा स्वतःचा आकडा

वजाबाकी करायची तर कशातून काय वजा करायचे, हे माहीत हवे. अन्नपदार्थांची आंतरराष्ट्रीय मानके ठरवणाऱ्या कोडेक्स आयोगाने २००५ च्या फळरस मानकात कॉन्सन्ट्रेटमध्ये पाणी घालून परत तयार केलेल्या रसासाठी प्रत्येक फळाची किमान ब्रिक्स पातळी दिलेली आहे. तिच्यानुसार द्राक्ष १६, आंबा १३.५, अननस १२.८, डाळिंब १२, सफरचंद ११.५ आणि स्ट्रॉबेरी ७.५. हे आकडे एका कागदावर लिहून स्वयंपाकघरातील कपाटाच्या दाराच्या आतील बाजूस चिकटवून ठेवावेत. मी तसेच केले आहे.

हे किमान आकडे आहेत, हे विसरू नये. आपल्याकडची पक्व द्राक्षे अठरा-वीसपर्यंत सहज जातात आणि बेदाण्यासाठी ठेवलेला माल त्याहूनही गोड असतो. आटपाडी-जतकडचे चांगले डाळिंबही बारापेक्षा अधिक भरते. म्हणून फळाला झुकते माप द्यावे आणि कोडेक्सच्या आकड्यात दोन-तीन अंश मिळवून हिशेब करावा. ज्या पदार्थात खरोखर बाहेरची साखर आहे, तेथे इतके झुकते माप दिल्यावरही फरक झाकला जात नाही.

वेष्टन वाचून करायची वजाबाकी

पहिली नजर घटकांच्या यादीवर टाकावी. घटक प्रमाणाच्या उतरत्या क्रमाने लिहिणे बंधनकारक आहे, त्यामुळे पाण्यानंतर लगेच साखर आणि तिच्यानंतर फळ असेल, तर त्या पदार्थात फळापेक्षा साखर अधिक आहे, हे मोजल्याशिवायच कळते. साखर इतर नावांनीही येते: इन्व्हर्ट सिरप, लिक्विड ग्लुकोज, डेक्स्ट्रोज, हाय फ्रुक्टोज कॉर्न सिरप, मध, गूळ. आणि सगळ्यांत जास्त लक्ष द्यावे ते ‘ज्यूस कॉन्सन्ट्रेट’ या शब्दांकडे. डब्यावर चित्र एका फळाचे आणि कॉन्सन्ट्रेट दुसऱ्याच फळाचे, विशेषतः सफरचंदाचे किंवा पांढऱ्या द्राक्षाचे असेल, तर ते चवीसाठी नसून गोडीसाठी घातले आहे, असे मानून पुढे जावे. हा माझा अनुभवातून आलेला निष्कर्ष आहे.

दुसरी नजर पोषणमूल्यांच्या तक्त्यावर. भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाच्या २०२० च्या लेबलविषयक नियमांनुसार एकूण साखर आणि वरून घातलेली साखर हे दोन आकडे १०० ग्रॅम किंवा १०० मिलिलिटरमागे वेगवेगळे द्यावे लागतात, आणि एका वेळच्या मात्रेतून दिवसाच्या मर्यादेचा किती टक्के भाग जातो, तेही सांगावे लागते. तेथे वरून घातलेल्या साखरेची दिवसाची मर्यादा ५० ग्रॅम धरलेली आहे.

आता प्रत्यक्ष हिशेब पाहू. समजा, आंब्याच्या पेयाचा २०० मिलिलिटरचा डबा आहे. घटकांत पाणी, साखर, आंब्याचा गर १५ टक्के असे लिहिले आहे आणि एकूण साखर १०० मिलिलिटरमागे १३ ग्रॅम आहे. आंब्याचा आकडा १३.५, त्याचे १५ टक्के म्हणजे दोन ग्रॅम. गर अधिक गोड होता असे मानून साडेसोळा धरले, तरी अडीच ग्रॅमच्या वर जात नाही. तेरातून अडीच गेले की साडेदहा उरले. डबा २०० मिलिलिटरचा, म्हणजे एकवीस ग्रॅम साखर आंब्याची नव्हे. चहाच्या सपाट चमच्यात चार-पाच ग्रॅम साखर मावते, त्या हिशेबाने हे चार-पाच चमचे झाले. तक्त्यातील ‘अॅडेड शुगर्स’चा आकडा या साडेदहाच्या जवळपास असेल तर उत्पादकाने सरळ माहिती दिली आहे. तो पुष्कळ कमी असेल, तर घटकांच्या यादीकडे परत जाऊन कॉन्सन्ट्रेट शोधावे. (काटेकोरपणे पाहता ब्रिक्स वजनावर असतो आणि तक्ता घनफळावर, पातळ रसात यामुळे शेकडा चार-सहाचा फरक पडतो आणि घरच्या हिशेबात तो सोडून देता येतो.)

पाणी घालून परत तयार केलेल्या रसावर ‘रिकॉन्स्टिट्यूटेड’ असा शब्द घटकांत रसाच्या नावापाशी असायला हवा. अशा रसांवर ‘१०० टक्के फळांचा रस’ असा दावा छापू नये, असा आदेश प्राधिकरणाने जून २०२४ मध्ये काढला; किलोमागे १५ ग्रॅमपेक्षा अधिक गोडी घातली असेल तर त्या रसाला गोड केलेला रस म्हणणे आवश्यक आहे, याचीही त्यात आठवण दिलेली आहे. परत तयार केलेला रस वाईट असतो असे मुळीच नाही. ७० ब्रिक्सच्या एक किलो कॉन्सन्ट्रेटमध्ये ७०० ग्रॅम विद्राव्य घन असतात; त्यापासून ११.५ ब्रिक्सचा रस करायचा तर ७० ला ११.५ ने भागावे, उत्तर ६.०९ येते, म्हणजे एक किलोत पाच किलो नव्वद ग्रॅम पाणी घातले की सहा किलो नव्वद ग्रॅम रस मिळतो. जेवढे पाणी काढले तेवढेच परत घातले, तर साखर फळाच्या मूळ रसाइतकीच राहते. अडचण येते ती पाणी कमी घातल्यावर, किंवा मुळीच न घातल्यावर.

अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१६ मध्ये नवे लेबल ठरवताना नेमकी हीच रेघ ओढली. कॉन्सन्ट्रेटमधून आलेली जी साखर त्याच फळाच्या तेवढ्याच घनफळाच्या शुद्ध रसातील साखरेहून अधिक असेल, ती वरून घातलेली साखर म्हणून मोजावी, असे तेथील नियम सांगतो. माझ्या मते सामान्य ग्राहकासाठी याहून न्याय्य कसोटी नाही, कारण ती शब्दांवर भांडत न बसता फळालाच प्रमाण मानते. कोडेक्सच्या दाव्यांविषयीच्या सूचनाही त्याच दिशेच्या आहेत: साखरेच्या जागी पाणी न घातलेले कॉन्सन्ट्रेट किंवा सुक्या फळांचा लगदा वापरला असेल, तर ‘साखर घातलेली नाही’ असा दावा करू नये.

या कसोटीने सासूबाईंच्या बाटलीचा हिशेब लावून पाहा. वेष्टनावर स्ट्रॉबेरीचे प्रमाण ५० टक्के होते. पन्नास ग्रॅम स्ट्रॉबेरीचे साडेसात टक्क्यांनी पावणेचार ग्रॅम होतात. उदारपणे पाच धरू. बासष्टातून पाच गेले की सत्तावन्न उरतात. पेक्टिन आणि आम्लासाठी दोन-तीन सोडले, तरी शंभर ग्रॅममध्ये चौपन्न-पंचावन्न ग्रॅम साखर द्राक्षाच्या काकवीची होती. नेहमीच्या जॅमपेक्षा ती फारशी कमी नव्हती.

क्रश आणि सिरप

पाचगणी-महाबळेश्वरला जाऊन आलेल्या प्रत्येक घरात स्ट्रॉबेरी क्रशची एक तरी बाटली असते, म्हणून याविषयी थोडे सविस्तर सांगते. स्क्वॅश, क्रश आणि सिरप या नावांना आपल्याकडे कायद्याने अर्थ ठरवून दिलेला आहे. तिन्हींत फळाचा भाग किमान २५ टक्के हवा. विद्राव्य घन स्क्वॅशमध्ये किमान ४० टक्के, क्रशमध्ये ५५ टक्के आणि फळांच्या सिरपमध्ये ६५ टक्के. म्हणजे साखर दाट असणे हा या पदार्थांचा स्वभावच आहे. ती दाट असते म्हणूनच ते टिकतात. त्यात लपवाछपवी नाही, मात्र त्या गोडीला फळाची गोडी समजणे चूक आहे.

महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीला २०१० मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आणि तिची चव त्या मानाला साजेशीच आहे, पण गोडीच्या मापात स्ट्रॉबेरी हे हलके फळ आहे. किमान निकषाने बनवलेल्या १०० ग्रॅम क्रशमध्ये २५ ग्रॅम फळ असते आणि त्या फळाची साखर दोन ग्रॅमही भरत नाही; उरलेले त्रेपन्न ग्रॅम जवळजवळ सगळी घातलेली साखर असते. क्रश पाण्याहून जड असल्यामुळे मिल्कशेकमध्ये ओतलेले ३० मिलिलिटर क्रश वजनाने सदतीस ग्रॅमच्या आसपास भरते. त्यात वीस ग्रॅम विद्राव्य घन आले, आणि स्ट्रॉबेरीच्या वाट्याचा त्यातला एक ग्रॅमही नाही. त्यावर पुन्हा साखर घालण्याची आपल्याकडे सवय आहे, ती तरी सोडावी. क्रश निम्म्यावर आणून चार-पाच ताज्या किंवा बर्फात गोठवलेल्या स्ट्रॉबेरी घातल्या, तर रंग आणि वास दोन्ही अधिक चांगले येतात.

फळाचा भाग ज्यात अधिक आहे असे क्रशही मिळतात. बाटली निवडताना किमतीआधी फळाची टक्केवारी पाहावी. पंचवीस आणि पंचेचाळीस यांत साखरेचा फार फरक पडत नसला, तरी फळाचा निश्चित पडतो.

यंत्राने मोजताना

रिफ्रॅक्टोमीटर द्राक्ष पट्ट्यात शेजारीपाजारी मिळतोच. शेतात वापरतात त्याचे माप बहुधा शून्य ते बत्तीस असते, म्हणून क्रश, सिरप, जॅम थेट मोजता येत नाहीत. एक भाग पदार्थ आणि तीन भाग पाणी वजनाने घ्यावे, वाटीने किंवा चमच्याने नव्हे, आणि चांगले ढवळून आलेला आकडा चारने गुणावा. आधी काचेवर शुद्ध पाण्याचा थेंब टाकून आकडा शून्यावर आहे का ते पाहावे आणि नसेल तर स्क्रूने आणावा. रस फडक्यातून गाळून, फेस बसू देऊन मगच थेंब घ्यावा. गराचे कण राहिले की रेघ अंधूक दिसते.

हे यंत्र २० अंश सेल्सिअससाठी आखलेले असते. एप्रिलात आपल्याकडे सावलीतही पारा तिशीच्या पुढे असतो, आणि तापमानाची दुरुस्ती आपोआप करणारे यंत्र नसेल तर ३० अंशांना आकडा सुमारे पाऊण अंशाने कमी दिसतो. तो मिळवून घ्यावा.

आकड्याचा अर्थ लावताना त्याच्या मर्यादा ध्यानात असाव्यात, कारण हे यंत्र साखर ओळखत नाही, प्रकाश किती वळला एवढेच पाहते. लिंबाचा रस आठ-नऊ दाखवतो आणि त्यातील बहुतेक भाग सायट्रिक आम्लाचा असतो, साखर अगदी थोडी. मीठ घातलेल्या कोकम सरबतात मिठाचाही वाटा आकड्यात येतो. आंबू लागलेल्या रसात मद्यार्कामुळे आकडा भरवशाचा राहत नाही. सुक्रालोजसारखी कृत्रिम गोडी इतकी कमी लागते की ती यंत्रावर उमटतच नाही. चव फार गोड आणि आकडा मात्र चार-पाच असेल, तर घटकांत तिचे नाव शोधावे.

द्राक्षाचा रस घरी आटवणाऱ्यांसाठी

हंगामाच्या शेवटी भाव पडला की अनेक घरांत द्राक्षाचा रस काढून आटवून ठेवतात. ही चांगली रीत आहे आणि त्यात काहीही वाया जात नाही. फक्त आटवलेल्या रसाला औषधी किंवा साखरमुक्त समजू नये. अठरा ब्रिक्सचा तीन किलो रस आटवून एक किलोवर आणला, तर तो चोपन्न ब्रिक्सचा होतो. त्याच्या वीस ग्रॅमच्या एका मोठ्या चमच्यात जवळजवळ अकरा ग्रॅम घन पदार्थ असतात, म्हणजे साखरेचे दोन चमचे भरून. मधुमेह असलेल्या माणसाने तो साखरेइतकाच जपून वापरावा आणि किती चालेल हे आपल्या डॉक्टरांना विचारावे. तान्ह्या मुलांना तर कोणताच रस देऊ नये; अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने २०१७ मध्ये एक वर्षाखालील मुलांना फळांचा रस देऊ नये आणि एक ते तीन वर्षांच्या मुलांना दिवसाला सुमारे १२० मिलिलिटरपेक्षा अधिक देऊ नये, असे सांगितले आहे.

मग बेदाण्याचे काय, असे आमच्याकडे लगेच विचारले जाते, कारण चार किलो द्राक्षांचा एक किलोच्या आसपास बेदाणा होतो आणि तोही पाणी घालवूनच. साखर त्यातही दाट असते, पण साल, गर आणि चोथा त्याच्यासोबत राहतो आणि तो चावून खावा लागतो. अमेरिकेच्या नियमातही अख्ख्या सुक्या फळातील साखर वरून घातलेली मानत नाहीत. मूठभर बेदाणे आणि पेलाभर आटवलेला रस यांना एका पंक्तीत बसवू नये.

बचत गटांनी लेबल लिहिताना

सिरप करून विकणाऱ्या बचत गटांतील भगिनी मला नेहमी विचारतात की प्रयोगशाळेचा अहवाल येण्याआधी स्वतःचा अंदाज कसा बांधावा. डाळिंबाच्या सिरपचे उदाहरण घेऊ. चार किलो रस आहे आणि त्याचा ब्रिक्स १४ आला. म्हणजे रसाचे स्वतःचे घन ५६० ग्रॅम. सिरपला ६५ टक्के हवेत, तर ५ किलो ८३० ग्रॅम साखर लागते. एकूण वजन ९ किलो ८३० ग्रॅम होते आणि घन ६ किलो ३९० ग्रॅम, म्हणजे बरोबर ६५ टक्के. फळाचा भाग जवळजवळ ४१ टक्के येतो. शंभर ग्रॅममागे घातलेली साखर ५९ ग्रॅम आणि डाळिंबाचे स्वतःचे घन पावणेसहा ग्रॅम. शिजवताना पाणी उडाले तर शेवटचे वजन पुन्हा करावे आणि त्यानेच भागावे. सुरुवातीच्या वजनाने भागल्यामुळे चुकलेली लेबले मी पाहिली आहेत.

आणखी एक गोष्ट येथेच सांगायला हवी. आंबट रसात घातलेली साखर तशीच राहत नाही. आम्लामुळे आणि उष्णतेमुळे सुक्रोज हळूहळू तुटून ग्लुकोज आणि फ्रुक्टोज होते. त्यामुळे काही महिन्यांनी तपासणीत सुक्रोज कमी दिसले, म्हणून ‘साखर घातलीच नव्हती’ असे म्हणता येत नाही. लेबलवर आपण प्रत्यक्ष काय घातले तेच लिहावे.

शंका उरली तर प्रयोगशाळेत काय होते

निर्भेळ म्हणून घेतलेल्या रसात साखर मिसळली आहे अशी शंका असेल, तर ब्रिक्स पाहून काही कळत नाही, कारण मिसळणारा माणूस पाणी आणि साखर मोजून घालूनच फळाचा आकडा गाठतो. तेथे साखरेचे प्रकार वेगळे करून पाहावे लागतात. द्राक्षात ग्लुकोज आणि फ्रुक्टोज जवळजवळ सारखे असते आणि सुक्रोज नगण्य. डाळिंबातही साधारण तसेच. सफरचंदात फ्रुक्टोज ग्लुकोजच्या दुपटीच्या घरात असते. संत्र्यात निम्म्याच्या आसपास सुक्रोज असते आणि पिकलेल्या आंब्यात सुक्रोजच वरचढ असते. ताज्या द्राक्षरसात भरपूर सुक्रोज सापडले, तर ते द्राक्षाचे नाही. मात्र वर सांगितल्याप्रमाणे सुक्रोज तुटून गेले असेल, किंवा आधीच तोडलेली साखर घातली असेल, तर या चाचणीलाही हुलकावणी मिळते.

त्यापुढची चाचणी कार्बनच्या समस्थानिकांची, म्हणजे कार्बनच्याच वेगवेगळ्या वजनांच्या अणूंची आहे, आणि ती ऊस पिकवणाऱ्या माणसाला समजून घ्यायला आवडेल अशी आहे. ऊस आणि मका ही पिके हवेतील कार्बन ज्या मार्गाने घेतात, तो द्राक्ष, सफरचंद, संत्रे, डाळिंब यांच्या मार्गाहून वेगळा आहे. त्यामुळे उसाच्या साखरेत कार्बन-१३ चे प्रमाण या फळांच्या साखरेपेक्षा किंचित अधिक असते, आणि साखर कितीही विरघळली, तुटली, आटली तरी ती खूण पुसली जात नाही. आपल्याच शिवारात पिकलेल्या उसाची साखर द्राक्षरसात मिसळली, तर ती अशी ओळखू येते. बीटची साखर मात्र फळांसारख्याच मार्गाने बनते, त्यामुळे तिच्यासाठी हायड्रोजनच्या समस्थानिकांवर आधारलेली वेगळी तपासणी करावी लागते. अननसाचा मार्ग तिसराच आहे आणि त्याची कार्बनची खूण उसाच्या इतकी जवळ जाते की अननसाच्या रसात उसाची साखर मिसळली आहे का, हे या चाचणीने ठरवता येत नाही; म्हणून नमुना देताना रस कोणत्या फळाचा आहे, तो कॉन्सन्ट्रेटपासून बनवला आहे का आणि तयार होऊन किती दिवस झाले आहेत, या तिन्ही गोष्टी प्रयोगशाळेला लेखी कळवाव्यात.